गोगलगाय म्हणजे झटपट

एका जंगलात सगळी कामं गवे करायचे आणि बाकीचे प्राणी कामं सांगायचे.

बसा बाळांनो, नीट मांडी घालून बसा. गोष्ट प्राण्यांची आहे. ऐकताना तुमच्या ओळखीचं कुणी आठवलं, तर तो तुमचा दोष. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

तर गवे. गवा म्हणजे दिसायला रेड्याचा थोरला भाऊ. अंगात ताकद अशी की पडलेलं झाड एकटा ओढत नेईल. पण एक पंचाईत होती. तोंडी सांगितलेलं काम गवा अर्ध्या वाटेत विसरायचा. झाड ओढत निघायचा आणि संध्याकाळी झाडासकट भलत्याच डोंगरावर सापडायचा. बरं, "जरा विचार करत जा रे," असं कुणी म्हटलं, की शिंगं खाली घालून अंगावर यायचा.

यावर उपाय काढला एका कुंभारमाशीनं. कुंभारमाशी तुम्ही पाहिली असेल. खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं गाडगं लिंपते, आणि तुमची आई ते झाडूनं पाडते, तीच. या माशीनं मातीच्या फरश्या थापल्या. प्रत्येक फरशीवर एकेक चित्र कोरलं आणि फरश्या भट्टीत भाजल्या. चित्रं ओळीनं मांडली की झाली पाटी. गवा पाटीसमोर उभा राहायचा, डावीकडून एकेक चित्र बघायचा आणि चित्र सांगेल तेवढंच करायचा. उडता बगळा दिसला की वस्तू वर उचलायची. झाडावरून पडणारं फळ दिसलं की खाली ठेवायची. लाट दिसली की पाणी खुणेच्या दगडाला लागेपर्यंत वाट बघायची. डोक्याला ताप नाही.

युक्ती खरोखर मोठी होती. ज्याला जसं हवं तसं त्यानं चित्रं मांडावीत आणि गव्याकडून काम करून घ्यावं. मागणं नाही, विनवणं नाही. वर्षभरात जंगलात पाट्याच पाट्या झाल्या. घुशीनंसुद्धा बिळाबाहेर एक लावली.

पण त्याआधीची, पाट्या नुकत्याच निघाल्या होत्या तेव्हाची एक गोष्ट राहिली. माशीला 'झटपट' या अर्थाचं चित्र हवं होतं. तिनं वावटळ कोरली, गरगरत जाणारी. चित्र छान होतं. पण भट्टीत फरशी तडकली. वावटळीच्या एका टोकाला दोन बारीक भेगा पडल्या, आणि बाहेर निघाली ती शिंगं उगारलेली चक्क गोगलगाय.

माशीनं फरशी उलटसुलट करून पाहिली. पुन्हा करायची तर पुन्हा माती आणा, मळा, कोरा, भाजा. तिच्या पंखांत आता तेवढं बळ नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली. "पाट्या वापरणारे आपण चौघंच तर आहोत. चौघांना सांगून ठेवू. पुढं बघू."

बाळांनो, भाताचं खरकटं वाळलं की निघत नाही, तसं हे 'पुढं बघू' असतं. माशी मेली. तिच्या लेकींनी फरश्या करायला घेतल्या. त्यांनी आईची वावटळ जशीच्या तशी उतरवली. आता भट्टी सुधारली होती, फरशी तडकत नव्हती. म्हणून त्या दोन भेगा त्यांनी काट्यानं मुद्दाम कोरल्या. आईनं काढलेल्या होत्या ना!

अशा रीतीनं त्या जंगलात गोगलगाय म्हणजे झटपट झाली. गव्यांना त्याचं काही वाटलं नाही. गव्याला शिकवाल ते खरं.

या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. नवरा गेलेला, पदरात तीन पिल्लं. तिचं बीळ तळ्याच्या बांधाखाली होतं. जागा सखल, पण माती भुसभुशीत आणि कंदमुळं भरपूर. गरिबाला एवढं पुष्कळ असतं. पावसाळ्यात तळं भरलं की पाणी बांधावरून उडी मारून थेट तिच्या बिळात यायचं. म्हणून तिच्या सासऱ्यानं बांधाच्या दुसऱ्या टोकाला एक जाड फळी बसवली होती. फळी वर उचलली की पाणी तिकडच्या चरातून ओढ्याला लागायचं आणि बीळ कोरडं राहायचं. पण फळी चटकन उचलायला हवी. तळं खुणेच्या दगडाला लागलं की मग ते कुणाची वाट बघत नसे.

सासऱ्यानं बांधातच पाटी लिंपून ठेवली होती. लाट, फळी, उडता बगळा, गोगलगाय. म्हणजे पाणी खुणेला लागलं की फळी वर उचल, आणि झटपट उचल. दगडोबा नावाचा गवा त्या बांधावर नेमलेला होता. त्यानं साळूबाईच्या सासऱ्याला कधी बुडू दिलं नाही, साळूबाईलाही नाही. दर पावसाळ्यात ती बिळाच्या तोंडाशी बसून फळी धाडकन वर गेल्याचा आवाज ऐकायची आणि मग पिल्लांना निजवायची.

सगळं ठीक चाललं होतं. म्हणजे, ज्यांना माहीत होतं त्यांचं ठीक चाललं होतं.

एके वर्षी शेजारच्या रानातून एक भेकर इथं राहायला आली. बिचारी सरळ स्वभावाची. तिनं टेकडीवर पिकलेली करवंदं वेचून ठेवली आणि ती खाली आणण्यासाठी पाटी मांडली. करवंदं नाजूक, म्हणून शेवटी हौसेनं गोगलगाय लावली. गवा पाटी वाचून टोपली घेऊन असा सुटला, की वाटेतल्या दोन वारुळांचा भुगा झाला. खाली पोचला तेव्हा टोपलीत करवंदं नव्हती, रस होता. तोही निम्मा गव्याच्या नाकावर.

भेकर रडत राजाकडे गेली. राजा वाघ होता. त्याला पाटी वाचता येत नव्हती, कारण राजाला कधी वाचावी लागत नाही.

"गोगलगाय म्हणजे हळू की झटपट?" राजानं विचारलं.

"महाराज, झटपट," दरबारी म्हणाले.

"असं का?"

"पूर्वीपासून तसंच आहे."

"बरं," राजा म्हणाला आणि झोपला.

भेकरीचं रडणं काही खोटं नव्हतं. शाळेत शेकरूबाई पाट्या शिकवायच्या, त्यांच्या वर्गातही दरवर्षी हाच गोंधळ. पोरं म्हणायची, "बाई, बगळा वर जातो म्हणजे वर, फळ पडतं म्हणजे खाली, मग गोगलगाय म्हणजे झटपट कशी?" बाई म्हणायच्या, "पाठ करा." तुमच्याही बाई म्हणतात ना? तेच.

त्या हिवाळ्यात तळ्यावर रोहित पक्षी उतरला.

रोहित म्हणजे लांब लालसर पाय, लांब मान, गुलाबी पंख. थंडीत येतो आणि पावसाळ्याच्या आधी उडून जातो. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल. तो एका पायावर उभा राहून बोलायचा. एका पायावर उभं राहणारा काहीतरी गहन बोलतोय असं सगळ्यांनाच वाटतं. शिवाय तो लांबून आला होता. राजानं त्याला पाटीप्रमुख केलं.

रोहितनं जंगलभर फिरून पाट्या पाहिल्या आणि त्याला गोगलगाय दिसली. त्याची मान आणखी लांब झाली.

सभा टेकडीवर, उंबराखाली भरली. सभा नेहमी टेकडीवरच भरायची, कारण तिथं चिखल होत नसे. पाट्यांचे नियम ठरवणाऱ्या समितीची बसायची जागाही तिथंच होती. गव्यांना बोलावलं नव्हतं. ते खाली कामावर होते.

"मित्रहो," रोहित एका पायावर उभा राहून म्हणाला, "पाटीचा प्राण म्हणजे सुसंगती. चित्र जे दाखवतं तेच पाटीनं सांगावं. गोगलगाय हळू चालते, तर गोगलगाय म्हणजे हळू. झटपट हवं असेल त्यासाठी मी कुंभारमाशांना ससा कोरायला सांगितलाय. नवख्यालासुद्धा न शिकता कळलं पाहिजे."

भेकरीनं टाळ्या पिटल्या. शेकरूबाईंचे डोळे भरून आले.

आणि बाळांनो, त्याचं म्हणणं बरोबर होतं. अगदी शंभर टक्के. मला या रोहितचा राग आहे, तो मी लपवणार नाही, पण इथवर तो चुकलेला नाही.

मग घोरपडकाका उठले. घोरपडकाका फार जुने. एकदा एखाद्या भिंतीला चिकटले की भिंत पडेल, पण ते सुटायचे नाहीत. एखादी फरशी फुटली तर ते कुंभारमाशांना ती फुटलेलीच बनवून द्यायला सांगायचे.

"आज गोगलगाय बदलाल," ते म्हणाले, "उद्या बगळा बदलाल. माझ्या आजोबांनी गोगलगायीला झटपट म्हटलं, बापानं म्हटलं, मी म्हणतो. जंगलातली प्रत्येक जुनी पाटी या एका अर्थावर उभी आहे. ती कोसळली तर जबाबदार कोण?"

आता घोरपडकाकांचंही बरोबर होतं. सभेचं हेच वाईट असतं, दोघांचं बरोबर असलं की सभा संपत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. साळूबाई उभी होती. काट्यांमुळे तिच्या शेजारी कुणी बसत नसे, त्यामुळे ती एकटीच लगेच दिसली.

"मला त्या दोगांचं काय बी कळंना," ती म्हणाली. "माझ्या बांधाच्या पाटीवर गोगलगाय हाय. फळी झटक्यात वर गेली न्हाई तर माझी पोरं बुडत्यात. तिचं काय करायचं, तेवढं सांगा."

"सोपं आहे बाई," रोहित गोड हसून म्हणाला. "गोगलगाय काढा, ससा लावा."

"ती बांधात लिंपल्याली हाय. काढायची तर बांध फोडावा लागंल."

"मग फोडा."

"बांध फोडला तर तळं कुटं ऱ्हाईल?"

रोहितनं दुसरा पाय खाली टेकला. हे त्याच्या भाषणात नव्हतं.

"शिवाय ससा हाय कुटं?" साळूबाईनं विचारलं. "कुंभारमाशा म्हनत्यात, पयले ससे राजवाड्याला, मग समितीला, मग ज्याची ओळख हाय त्येला."

"हा अंमलबजावणीचा प्रश्न आहे," रोहित म्हणाला. "आपण इथं तत्त्वाबद्दल बोलतोय."

राजा जागा झाला. त्याला भूक लागली होती. भुकेल्या राजासमोर सभा फार वेळ चालवू नये, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून समितीनं घाईघाईनं तडजोड केली.

तडजोड अशी. दोन्ही अर्थ ठेवायचे. जुन्या पाट्यांवर गोगलगाय म्हणजे झटपट, नव्या पाट्यांवर गोगलगाय म्हणजे हळू.

"पण पाटी जुनी की नवी, हे गव्याला कसं कळणार?" राजानं विचारलं. राजानं विचारलेला हा एकमेव चांगला प्रश्न, म्हणून सांगून ठेवते.

"नव्या पाटीच्या डोक्यावर झाडाचं एक पान खोचू," शेकरूबाई म्हणाल्या. "पान असेल ती नवी. जुन्या लोकांना काही करायला नको. नवी पाटी लावणारा तसाही कामाला लागलेलाच असतो, तो पानही लावेल."

किती साधं होतं! त्या दिवशी एवढं ऐकलं असतं तर माझी गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्ही खेळायला गेला असता.

पण रोहितच्या पंखांवर शहारे आले. "माझ्या स्वच्छ, सुसंगत पाट्यांवर पालापाचोळा? मुळीच नाही. पान लावायचंच असेल तर जुन्या पाट्यांवर लावा. ज्यांना जुनाच अर्थ हवाय, त्यांनी तसं कळवावं. ज्यावर पान नाही ती नवी."

आता घोरपडकाका भडकणार, असं सगळ्यांना वाटलं. पण रोहित नुसता गुलाबी नव्हता, हुशारही होता. तो काकांकडे वळला आणि मान लववून म्हणाला, "काका, जुन्या पाट्यांना आम्ही मानाचं पान देतोय."

"मानाचं?" काका म्हणाले.

"फक्त जुन्यांनाच."

काकांनी छाती फुगवली. जन्मभर धरून ठेवलेली भिंत त्यांनी एका पानासाठी सोडली. "परंपरेचा असा गौरव प्रथमच होतोय," ते म्हणाले आणि बसले.

साळूबाई पुन्हा उठली. "पान वाळून गेलं तर?"

"ताजं लावायचं," समिती म्हणाली. आणि नियमात लगेच घातलं, की पान ताजं असावं.

"वाऱ्यानं उडालं तर?"

"दगडाखाली दाबायचं." हेही नियमात गेलं.

साळूबाईला आणखी काहीतरी विचारायचं होतं. पण ते काय, हे तिलाच नीट आठवेना. आणि तोवर राजा उठलाच.

थांबा. मला दिसतंय, तिकडं दोघातिघांनी हात वर केलेत. तुम्हाला काहीतरी सुचलंय. हात खाली करा. तुम्ही त्या समितीत नव्हता. तिथं कुणालाच सुचलं नाही. टेकडीवर वाघ होता, घोरपड होती, शेकरू होती, रोहित होता. गवा नव्हता.

उन्हाळ्यात तडजोडीची चाचणी झाली. सगळ्या जुन्या पाट्यांवर पळसाची पानं दाबली. उन्हाळ्यात ताजं पान कुठलं मिळणार? म्हणून समितीनं सूट दिली, सध्या वाळलेलं चालेल. गवे आले. त्यांनी करकरीत वाळलेलं पान पाहिलं, हुंगलं आणि जुना अर्थ लावून काम केलं. नव्या पाट्यांवर पान नव्हतं, तिथं नवा अर्थ लावला. भेकरीची जांभळं एकही न फुटता खाली आली. एकसुद्धा चूक झाली नाही. समितीनं एकमेकांना हार घातले. रोहितनं टेकडीवर एका पायावर उभं राहून समारोपाचं भाषण केलं. मग आभाळात एक ढग दिसताच तो पंख झाडून दूर देशी निघून गेला.

पावसाळा आला. वाळलेल्या पानांची सूट संपली.

आळशी लोकांनी पानं बदललीच नाहीत. उन्हाळ्यातलीच कुजून पाटीला चिकटली, आणि त्यांचं काही बिघडलं नाही. साळूबाई मात्र नियमानं चालणारी. तिला तीन पिल्लं होती, तिला चुकून चालणार नव्हतं. ती रोज सकाळी पळसाकडे जायची, मागच्या दोन पायांवर उभी राहायची आणि सगळ्यात कोवळं, सगळ्यात मोठं, हिरवंगार पान निवडून आणायची. ते पाटीच्या डोक्यावर ठेवून वर दगड ठेवायची. मग लांब जाऊन बघायची, नीट दिसतंय ना. दिसायचं.

आणि एके दुपारी तळं भरत आलं.

वर डोंगरात सकाळपासून धो धो चाललं होतं. पाणी लालभडक होऊन खाली येत होतं. साळूबाईनं पिल्लांना बिळाच्या आत ढकललं आणि स्वतः तोंडाशी बसली. फळीचा आवाज येईल, मग निर्धास्त होऊ, असं तिच्या मनात होतं.

दगडोबा बांधावर आला. भिजून काळाकुट्ट झालेला, सकाळपासून उपाशी. तो पाटीसमोर उभा राहिला. पहिल्यांदा त्याला पान दिसलं. कोवळं, हिरवंगार, पावसानं धुतलेलं.

गव्याला कोवळं पान दिसलं की तो काय करतो?

हं, आता सांगा. आता ओरडून सांगितलंत तरी उपयोग नाही.

दगडोबानं जिभेनं दगड बाजूला सारला आणि पान खाल्लं. चांगलं चावून खाल्लं. मग तो पाटी वाचू लागला. लाट. पाणी खुणेला लागलं होतं. फळी. उडता बगळा, म्हणजे वर उचल. गोगलगाय. त्यानं पाटीच्या डोक्याकडे पाहिलं. पान नाही. म्हणजे नवी पाटी. म्हणजे हळू.

त्यानं फळीखाली शिंग घातलं आणि ती हळूहळू, अगदी काळजीपूर्वक उचलायला सुरुवात केली.

साळूबाईला आवाज आला नाही. तिनं मान बाहेर काढून पाहिलं आणि तिच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला.

"दगडोबा! आरं झटक्यात उचल!"

"हळू हाय," दगडोबा म्हणाला.

"झटपट हाय रं! जुनी पाटी हाय! पान लावलंय की मी!"

दगडोबानं उचलायचं थांबवून पाटीकडे पाहिलं. त्याला एका वेळी एकच काम जमायचं. "पान न्हाई," तो म्हणाला.

"सकाळी लावलं हुतं! तूच खाल्लं असशील!"

"खाल्लं," दगडोबा म्हणाला. तो कधी खोटं बोलत नसे. "मंग आता न्हाई."

आणि तो पुन्हा हळूहळू फळी उचलू लागला.

पाणी बांधावरून आलं. साळूबाईनं पिल्लांना एकेक करून बिळाबाहेर ओढलं आणि पाठीवर घेतलं. दुसरीकडे घ्यायला तिला जागाच नव्हती. आईच्या पाठीवर काटे असतात हे पिल्लांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती ओरडत होती, तिला घट्ट धरत होती आणि धरलं की आणखी ओरडत होती. ती तशीच त्यांना घेऊन उंबराच्या टेकडीवर चढली. मागं वळून पाहिलं तेव्हा तिचं बीळ, सासऱ्याचा बांध, कंदमुळांचा साठा, सगळं लाल पाण्याखाली होतं. फळी तेव्हा कुठं अर्ध्यावर आली होती.

मला इथं जरा थांबू द्या. हा भाग सांगताना माझा आवाज चढतो.

चौकशी बसली. तीही टेकडीवर. घोरपडकाका प्रमुख होते. यावेळी गव्याला बोलावलं होतं, कारण आता तो आरोपी होता.

"तू पान का खाल्लंस?" काकांनी विचारलं.

"खाऊ नको असं चित्र नव्हतं," दगडोबा म्हणाला.

समितीला हे पटलं. गव्यानं पाटीबाहेर काही केलं नव्हतं. त्याला निर्दोष सोडलं.

रोहितला निरोप पाठवला होता. एक करकोचा त्याचं उत्तर घेऊन आला. रोहित परदेशच्या तळ्यावर 'एका जंगलाची पूर्ण सुसंगती' या विषयावर व्याख्यान देत होता. त्याचं म्हणणं असं, की पाटी अत्यंत सुसंगत वागली. पान नव्हतं, गोगलगाय होती, काम हळू झालं. ठरलं होतं तेच झालं, आणि याबद्दल सगळ्यांचं अभिनंदन. त्यालाही निर्दोष सोडलं.

घोरपडकाकांनी स्वतःलाही विचारून घेतलं. जुन्या पाट्यांचा मान राखला होता का? राखला होता. पान दिलं होतं. तेही निर्दोष.

राहिली साळूबाई.

"पान ताजं होतं का?" काकांनी विचारलं.

"व्हय. सकाळीच आनलेलं. तुमीच सांगितलं हुतं."

"कोवळं होतं?"

"व्हय."

"मोठं होतं?"

"समद्यात मोठं."

समितीनं एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे चविष्ट होतं," काका म्हणाले. निकाल लागला. साळूबाईनं गव्याला मोह होईल असं पान लावलं, ही तिची चूक. तरी तिची परिस्थिती पाहून समज देऊन सोडण्यात यावं.

मग पुढची उपाययोजना. पुन्हा असं होऊ नये म्हणून खरं पान बंद करायचं ठरलं. कुंभारमाशांनी मातीचं पान बनवायचं, भाजून कायमचं पाटीवर बसवायचं. माशांनी फरशी थापली, तिच्यावर पळसाचं पान कोरलं आणि भट्टीत घातली. पावसाळ्याची माती, ओली. फरशी फुगली. बाहेर निघाला तो चार पाय पसरून बसलेला बेडूक.

बेडकाची एक फरशी आधीच होती. तिचा अर्थ होता, पाऊस थांबेपर्यंत काहीच करू नको.

"आता?" माशांनी विचारलं.

समितीनं बेडूक उलटसुलट करून पाहिला. पुन्हा करायचा तर पुन्हा माती, पुन्हा भट्टी. "राहू दे," घोरपडकाका म्हणाले. "सगळ्यांना सांगून ठेवू. पुढं बघू."

साळूबाई अजून तिथंच उभी होती. पिल्लं तिच्या पायाशी होती, अंगभर ओरखडे घेऊन.

"महाराज," ती राजाला म्हणाली, "मला नवी पाटी नको. जुनी बी नको. हितं टेकडीवर एक बीळ खनू द्या."

राजानं समितीकडे पाहिलं. समिती अवघडली.

"टेकडीवर समिती बसते बाई," काका म्हणाले. "इथं वस्ती झाली तर चर्चेला शांतता राहणार नाही. तुम्हाला पूर्वीच्याच जागी बांध बांधून देऊ. आणि पहिला बेडूक तुम्हालाच देऊ. मानाचा."

साळूबाईनं कपाळाला हात लावला नाही, बोटं मोडली नाहीत. तिनं पिल्लांना पुढं घातलं आणि जंगल सोडलं.

चालत चालत ती पलीकडच्या रानाच्या वेशीशी पोचली. वेशीवर मुंगूस बसला होता आणि त्याच्या शेजारी नवीकोरी, सुरेख पाटी होती. दूर देशीच्या कुणा गुलाबी पाहुण्यानं नुकतीच आखून दिलेली.

"या, या बाई," मुंगूस म्हणाला. "आमच्याकडे सगळं पाटीवर चालतं. फार सोपं आहे, लहान पोरालाही कळतं. वाचून तर बघा."

साळूबाईनं पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती जमीन बघत होती. चढ कुठं आहे, उतार कुठं आहे.

"पाटी चांगलीच असंल," ती म्हणाली. "पाऊस लागला की पानी कुठनं येतंय, तेवढं सांगा."

मुंगूस गोंधळला. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "ते... ते समितीला विचारावं लागेल."

"समिती कुटं बसती?"

मुंगसानं बोट दाखवलं. वर, लांब, एका उंच टेकडीवर.

साळूबाईनं पिल्लांना हाक मारली आणि कुणाला काही न विचारता ती सरळ टेकडी चढू लागली. वर पोचल्यावर समितीच्या बैठकीच्या बरोबर शेजारी तिनं खणायला सुरुवात केली. समितीतल्या एकानं हरकत घ्यायला तोंड उघडलं. तिनं फक्त पाठ फिरवली आणि काटे उभे केले.

तात्पर्य : जुनी पाटी चांगली की नवी, या वादात शहाण्यानं पडू नये, दोन्ही बाजूंचं बरोबर असतं. समिती कुठं बसते ते पाहावं आणि तिच्या शेजारी घर करावं. पाणी तिथवर कधी चढत नाही.